दगडाच्या लेकाचं कैरो

कैरोत उतरून दोन दिवस झाले होते आणि आम्ही अजून पिरॅमिड पाहिले नव्हते. याला सर्वस्वी मी जबाबदार आहे, हे ताईने तोवर हॉटेलच्या पोऱ्याला, टॅक्सीवाल्याला आणि फोनवरून कल्याणला आपल्या सुनेला सांगून झालं होतं. "हिला कुणा मौलवींच्या कामाच्या जागा बघायच्यायत," एवढ्यात तिने माझ्या थोर माणसाची वासलात लावली होती.

थोर माणूस म्हणजे इब्न हजर अल-अस्कलानी. जन्म १३७२, कैरो. मृत्यू १४४९, कैरोच. हदीसचा, म्हणजे पैगंबरांच्या आठवणींचा, पंडित, इतिहासकार, राज्याचा मुख्य काजी. आणि मला त्याच्याबद्दल जिव्हाळा वाटायचं खरं कारण म्हणजे, काही काळ ग्रंथपाल. मी स्वतः एकतीस वर्षं एका कॉलेजच्या ग्रंथालयात काढली आहेत. कपाटांच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या माणसाला कपाटांच्या किल्ल्या सांभाळणारा माणूस कुठल्याही शतकातला कळतो.

त्याची माझी गाठ पडली ती भिवंडीत. निवृत्त झाल्यावर तिथल्या एका ओळखीच्या घरी जुनी पुस्तकं लावून द्यायला गेले होते. उर्दू लिपी मी नोकरीत असताना एका सहकारी बाईंकडून शिकले, त्यामुळे अरबी पानावर अक्षर लागतं, अर्थ लागत नाही. एका जाडजूड संचाच्या पहिल्या पानावर मी अक्षरं जुळवत गेले आणि तळाच्या ओळीला थबकले. भिवंडी! यंत्रमाग, गोदामं आणि बायपासची कोंडी याखेरीज ज्या गावाचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं, ते गाव एका अरबी ग्रंथाचं प्रकाशनस्थळ होतं. ग्रंथ होता दमास्कसच्या अल-मिज्जीने केलेली हदीसची प्रचंड सूची, सोबत तिच्यावर इब्न हजरची टिपणं. संपादक अब्दुस्समद शरफुद्दीन. पहिला खंड १९६५चा आणि काम पुढे दीड दशक चाललेलं. सूची, तीही इतकी मोठी, तीही आमच्या ठाणे जिल्ह्यात छापलेली. मग टिपणं लिहिणारा हा माणूस कोण, हे शोधायला लागले आणि त्यातच अडकले.

नाव आधी सांगून टाकते. हजर म्हणजे अरबीत दगड. इब्न हजर म्हणजे दगडाचा लेक. आपल्या शाळेतल्या "हजर, बाई!"शी त्याचा संबंध नाही, तो शब्द वेगळ्या अक्षरांचा. अस्कलानी मात्र आपल्याला चटकन समजावं असं आहे. घराणं मूळचं पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरच्या अस्कलानचं. क्रुसेडवाल्यांच्या हाती पडू नये म्हणून सलाहुद्दीनने ते शहर ११९१ मध्ये स्वतःच पाडून टाकलं आणि माणसं पांगली. गाव गेलं, पण आडनावातलं "कर" राहिलं. अस्कलानकर.

जन्म झाला तो नाईलकाठच्या जुन्या वस्तीत. पहिल्याच दिवशी तिकडे मेट्रोने जाऊन आलो. त्याच्या वेळचं तिथे काही शिल्लक नाही. नदी आहे. ताईने पाण्याकडे बघून नमस्कार केला, मी फोटो काढला, परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाब जुवेला. जुन्या कैरोची ही दक्षिणेकडची वेस. तिच्या दोन बुरुजांवर दोन मिनार उभे आहेत, आणि ते आहेत वेशीला लागून असलेल्या सुलतान मुअय्यदच्या मशिदीचे. या मुअय्यदला सुलतान होण्याआधी इथल्याच तुरुंगात डांबलं होतं. उवा-पिसवांनी हैराण होऊन त्याने नवस केला, की सुटलो आणि गादीवर बसलो तर हा तुरुंग पाडून इथे मशीद बांधीन. बसला आणि बांधली. तिकीट काढून वर जाता येतं. ताईच्या गुडघ्यांनी पहिल्या जिन्यातच नकार दिला, म्हणून ती खाली करकडे पीत बसली. करकडे म्हणजे आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत. इथे मोठ्या कौतुकाने पाजतात. मी एकटी चढले. वरचा जिना इतका अरुंद आणि अंधारा, की उतरणाऱ्या एका जर्मन आजोबांना वाट द्यायला मला भिंतीत शिरावं लागलं असतं. शेवटी तेच चार पायऱ्या मागे वर गेले.

वर वारा होता, खाली गच्च्यांवर डिशच्या छत्र्या-छत्र्यांची शेती, आणि मला आठवत होतं ते इथलं भांडण. मशिदीचं काम चालू असतानाच, १४१८च्या सुमारास, वेशीवरचा एक मिनार कलला आणि पाडावा लागला. माणसांच्या डोक्यावर दगड पडायची भीती, म्हणून वेस महिनाभर बंद. शहरभर चर्चा. तेव्हा इब्न हजरने दोन ओळी लिहिल्या. त्यांचा मतलब असा: आमच्या मालकांची मशीद देखणी आणि तिचा मिनार नखऱ्याचा, कलता कलता तो म्हणतो, जरा दमानं घ्या, माझ्या रूपाला "ऐन"इतकं घातक दुसरं काही नाही.

ऐन म्हणजे डोळा, म्हणजे दृष्ट. पण त्याच मशिदीत शिकवणारा दुसरा बडा पंडित होता बद्रुद्दीन अल-ऐनी. आता झाली ना गंमत! (आपण "ऐन दुपारी", "ऐनवेळी" म्हणतो त्यातला ऐन हाच बरं का.) ऐनीनेही उत्तर दिलं. मिनार कसा, नवरीसारखा. पडला तो देवाच्या मर्जीने. लोक म्हणतात दृष्ट लागली, छे, चूक. दगडच हिणकस होता. दगड म्हणजे? हजर. इब्न हजरच्या गोटातले लोक म्हणायचे, की हे उत्तरसुद्धा ऐनीने दुसऱ्याकडून लिहून घेतलंय.

मोरोपंतांच्या पंक्तीला बसावेत असे हे श्लेषबाज. आणि हे काही शाळकरी वय नव्हतं. इब्न हजर छेचाळीसचा, ऐनी त्याच्याहून दहाबारा वर्षांनी मोठा. ऐनी मूळचा आजच्या तुर्कस्तानातल्या ऐनताबचा, तुर्की उत्तम येणारा. पुढच्या काळात सुलतान बर्सबायला अरबी बेताची यायची, तेव्हा रात्री त्याच्यापुढे इतिहास तुर्कीत वाचून दाखवायचं काम ऐनीचं. दरबारात असं वजन असलेल्या माणसाशी शब्दांची कुस्ती खेळायची म्हणजे हिंमत लागते. किंवा खाज.

दोघांनी एकाच ग्रंथावर भाष्य लिहिलं, बुखारीच्या हदीससंग्रहावर. इब्न हजरच्या भाष्याचं नाव "फत्ह अल-बारी". त्यातला फत्ह म्हणजे आपला फत्ते. १४१४ ला घेतलेलं काम १४३८ ला हातावेगळं झालं. पद्धत मला फार आवडली. लिहिलेला भाग आठवड्यातून एकदा शिष्यांपुढे वाचला जाई, ताडून पाहिला जाई, शंका काढल्या जात, मग प्रती निघत. आणि त्या प्रतीच घात करायच्या. एका शिष्यामार्फत पानं ऐनीकडे पोचत आणि ऐनी आपल्या भाष्यात ती वापरून वर इब्न हजरच्याच चुका काढे, अशी तक्रार. इब्न हजरने मग त्या आक्षेपांना उत्तर देणारा वेगळा ग्रंथ लिहायला घेतला. मूळ भाष्य पुरं व्हायच्या आधीच समरकंद-हेरातकडे राज्य करणाऱ्या शाहरुखने, म्हणजे तैमूरच्या मुलाने, सुलतानाला पत्र पाठवून फत्ह अल-बारीची मागणी केली होती. तयार झाले तेवढे खंड पाठवले गेले. पूर्ण झाल्यावर शहराबाहेर मेजवानी झाली, खर्च पाचशे दिनार. ताईला खाली उतरल्यावर हे सांगितलं तर ती म्हणाली, "तुझ्या कॉलेजात शंभराव्या वर्षी समोसा आणि बटाट्याचे वेफर्स दिले होते."

वेशीबाहेर पडलं की खयामिया. तंबू शिवणाऱ्यांची छप्पर घातलेली पेठ. आता तंबू कुणी घेत नाही, म्हणून तेच कारागीर कापडावर कापड टाचून उशांचे अभ्रे, भिंतीवरचे पडदे करतात. मांडी घालून बसलेला एक म्हातारा कात्रीच्या टोकाने निळ्या कापडाची कड आत मुडपत होता आणि लगेच त्यावर टाका घालत होता. आधी मुडपायचं मग शिवायचं असं नाही, अर्धा इंच मुडप, दोन टाके, अर्धा इंच मुडप. ताई त्याच्यासमोर उकिडवी बसली ती वीस मिनिटं उठली नाही. आमची आजी गोधडीचं ठिगळ असंच लावायची. दोन अभ्रे घेतले. घासाघीस ताईने मराठीत केली, त्याने अरबीत, आणि दोघांचं समाधान झालं.

त्याच रस्त्याने पुढे गेलं की एक लहान मशीद लागते. तिला महमूद अल-कुर्दीची मशीद म्हणतात. पर्यटक तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. माझ्यासाठी मात्र ही पंढरी. सुलतानाचा कारभारी जमालुद्दीन महमूद याने १३९५ मध्ये बांधलेला हा मदरसा, आणि त्यातलं ग्रंथालय हे त्या काळच्या कैरोतलं नामांकित. चार हजार खंड. महमूदने इब्न जमाआ नावाच्या काजीचा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर विकत घेऊन इथे वक्फ करून टाकला होता. अट एकच, पुस्तक मदरशाबाहेर जाता कामा नये.

१४२३ मध्ये झडती झाली, पुस्तकं कमी भरली, आणि आधीच्या ग्रंथपालाला काढून ते काम इब्न हजरकडे आलं. त्याने दोन याद्या केल्या: एक ग्रंथनामांच्या अक्षरक्रमाने, दुसरी विषयवार. साडेपाचशेहून अधिक वर्षांनी मी आमच्या ग्रंथालयातली कार्डं संगणकावर चढवली तेव्हाही याच दोन याद्या होत्या, लेखकाची तेवढी वाढलेली.

आत रंग उडालेल्या भिंती, हिरवा गालिचा, पंखा, आणि खांबाला टेकून झोपलेला एक माणूस. पुस्तकाचा मागमूस नाही. तिथे बसून माझं मन, खरं सांगायचं तर, इब्न हजरकडे नाही, त्या काढून टाकलेल्या ग्रंथपालाकडे गेलं. आमच्या कॉलेजात एका वर्षी पडताळणीत दोनशेबारा पुस्तकं कमी भरली. वसुली माझ्या पगारातून सुरू झाली. सात महिन्यांनी त्यातली निम्मी एका विभागप्रमुखांच्या घरातून, नव्या सोफ्याला जागा करताना निघाली. वसूल झालेले पैसे परत मिळाले का? सोडा. मुद्दा असा की ग्रंथालयातून पुस्तकं नेतात ती बहुतेक मोठी माणसं, आणि ग्रंथपालाला "नाही" म्हणायची सोय नसते. महमूदियाचं, म्हणजे या महमूदच्या मदरशाचं, पुढेही तेच झालं असणार, कारण नंतरच्या पिढीतल्या सुयूती नावाच्या पंडिताने चक्क एक पुस्तिका लिहिली आहे: दात्याची अट असली तरी या ग्रंथालयातली पुस्तकं बाहेर नेणं कसं योग्य आहे! वाचकांची जात सगळीकडे एकच.

आता हे सगळं मुळात कशासाठी, ते ताईने विचारलं तसं तुम्हीही विचाराल. तिला कोशरी खाता खाता सांगितलं. (कोशरी म्हणजे भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर टोमॅटोची चटणी, तळलेला कांदा आणि लसूण घातलेलं शिरक्याचं पाणी. आपल्या मिसळीची शाकाहारी चुलत बहीण म्हणा. मिसळही शाकाहारीच असते, कळतंय मला.) हदीस म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची सांगितली गेलेली आठवण. पण ती नुसती येत नाही. मी अमक्याकडून ऐकलं, त्याने तमक्याकडून, त्याने फलाण्याकडून, अशी माणसांची साखळी पुढे लागते. त्या आधाराला म्हणतात सनद. आपली जमिनीची, वतनाची, वकिलीची सनद तीच. साखळीतला एक दुवा कच्चा तर वचन कच्चं. मग पंडितांना प्रत्येक दुव्याची चौकशी करावी लागली. हा जन्मला कधी, वारला कधी, त्या गावाला गेला होता का, दोघांची भेट होणं शक्य होतं का, म्हातारपणी याची स्मरणशक्ती गेली होती का, खोटं बोलायची सवय होती का? त्या चौकशीतून चरित्रकोशांची रासच्या रास उभी राहिली, आणि हदीसवाले आपसूक इतिहासकार झाले. अरबीत इतिहासालाच तारीख म्हणतात, हे त्यांच्याकडे बघून पटतं.

इब्न हजरने एका पुस्तकात या कथनकारांना बारा पायऱ्यांवर बसवलंय. वरच्या पायरीवर पैगंबरांचे सहवासी, मग विश्वासू, मग खरा पण चुकणारा, असं करत करत अज्ञात आणि शेवटी खोटारडा. एकेका माणसाला ओळ-दोन ओळी. बस. पैगंबरांच्या सहवासातल्या माणसांच्या त्याच्या कोशात बारा हजारांवर नोंदी आहेत. आपल्या आधीच्या शतकात कुठेकुठे वारलेल्या माणसांचा, सुलतानांपासून सुतारकाम करणाऱ्या विद्वानांपर्यंतचा, वेगळा कोश. आणि स्वतःच्या जन्मवर्षापासून वर्षवार लिहिलेला इतिहास: त्या साली काय घडलं आणि वर्षाच्या शेवटी त्या साली कोण कोण गेलं. एवढी माणसं लक्षात ठेवायला त्याने तरुणपणी मक्केत जमजमच्या पवित्र विहिरीचं पाणी पिताना मागणं मागितलं होतं, की मला दमास्कसच्या धहबी या जुन्या हदीसपंडितासारखी स्मरणशक्ती मिळो. दमास्कसला जाऊन तो शंभर दिवस राहिला आणि रात्रंदिवस ऐकत, उतरवत सुटला. वर्षभराच्या आत तैमूरने ते शहर लुटून जाळलं. येमेनच्या दुसऱ्या खेपेला जहाज फुटलं आणि त्याची पुस्तकं समुद्रात गेली, स्वतःच्या हातची सुद्धा. परत येऊन पुन्हा लिहिली.

"आणि घरचं?" ताई म्हणाली. तिला नेहमी घरचं हवं असतं.

घरचं मी तिला संध्याकाळी गमालियात सांगितलं, बैबर्स जाशनगीरच्या खानकाहच्या दारात. १३१० मध्ये पूर्ण झालेली ही सूफींची जागा, कैरोत शिल्लक असलेल्यांतली सगळ्यांत जुनी. जाशनगीर म्हणजे सुलतानाच्या ताटातलं आधी चाखून बघणारा. हा चाखणारा पुढे वर्षभर सुलतान होऊन बसला, मग मूळ सुलतान परतला आणि त्याने याला मारलं. दर्शनी भिंतीवर लांबलचक कोरीव लेख आहे, त्यात मधेच दगड खरवडलेला दिसतो. तिथे बैबर्सची पदवी होती. नाव खोडलं, इमारत ठेवली. इब्न हजर वीसेक वर्षं या जागेचा शेख होता. रोज याच खरवडलेल्या ओळीखालून आत जायचा आणि लोकांची नावं लिहायचा, याची मला भारी गंमत वाटली.

तर घरचं. आई लहानपणीच गेली, वडील हा चार वर्षांचा असताना. पालक म्हणून नेमलेला अल-खर्रूबी हा करीमी व्यापाऱ्यांतला बडा असामी. करीमी म्हणजे आपल्याकडचे मिरी-मसाले येमेनमार्गे कैरोला आणणारे. त्याच्यासोबत मक्केला गेला तेव्हा बाराव्या वर्षी त्याने तिथे रमजानच्या रात्रीच्या नमाजात पुढे उभं राहून कुराण म्हटलं. मोठी बहीण एकच, सित्त अर-रक्ब. म्हणजे काफिल्याची बाईसाहेब. हजच्या वाटेवर जन्मली म्हणून हे नाव. याच्याहून तीनच वर्षांनी मोठी. ती तरुणपणीच वारली आणि याने आपल्या इतिहासात त्या साली गेलेल्यांच्या यादीत तिला घातलं, सुलतानाच्या सरदारांच्या आणि काजींच्या ओळीत. लिहिलं काय, तर वाचणारी, लिहिणारी, अफाट बुद्धीची, माझ्या आईनंतरची माझी आई.

ताई काही बोलली नाही. मग म्हणाली, "तीनच वर्षांनी मोठी?" आमची आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि ताई पंधराची. पुढे तिने विषय बदलून रस्त्यावरच्या मांजरांकडे नेला.

बायको उन्स, लष्करखात्यातल्या बड्या अधिकाऱ्याची मुलगी. तीही हदीस शिकलेली आणि शिकवणारी. तिच्याकडे बुखारी ऐकायला लोक यायचे. यात नवल वाटून घेऊ नका. इब्न हजर स्वतः कितीतरी बायकांकडे शिकला होता, आणि त्याचा शिष्य सखावी याने आपल्या शतकाच्या चरित्रकोशाचा अख्खा बारावा खंड बायकांना दिला: हजारावर नोंदी. मुली झाल्या. त्यातल्या दोघी, गालिया आणि फातिमा, १४१६च्या प्लेगात गेल्या. तिसरी, जैन खातून, १४३०च्या प्लेगात, पोटुशी असताना.

दोन प्लेगांच्या मधल्या वर्षांत याने प्लेगवर ग्रंथ लिहिला. पहिल्या वेळी घेतला, दुसऱ्या वेळी पुरा केला. त्यात १४३०ची एक नोंद आहे. साथ सुरू झाली तेव्हा कैरोत दिवसाला चाळिसाहून कमी माणसं मरत होती. मग लोकांनी तीन दिवस उपास केले आणि सगळे मिळून गावाबाहेर वाळवंटात प्रार्थनेला जमले, घटकाभर थांबले, परतले. महिना सरायच्या आत दिवसाला हजारावर माणसं मरू लागली. तो आकडे देतो, तारखा देतो, आधी दमास्कसलाही असंच झालं होतं हे सांगतो. स्वतः मुख्य काजी राहिलेला, धर्माचा एवढा मोठा अधिकारी. आपल्याकडे २०२० साली आषाढीला पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या होत्या ना, त्या वर्षी जगभरच्या मुसलमान वाचकांनी हे पान पुन्हा उघडलं होतं. मी भाषांतरात वाचलं तेही तेव्हाच, घरात कोंडलेली असताना, आणि त्या "घटकाभर थांबले" वर माझी बोटं थांबली होती.

तिसऱ्या दिवशी ताईने सकाळ स्वतःसाठी मागून घेतली आणि आम्ही खान अल-खलीलीत दिवे आणि दिव्यांसारखं काहीबाही पाहिलं. दोन दिवसांत जो भेटेल तो "इंडिया? अमिताब बच्चन!" म्हणत होता. मग अल-अजहरच्या मागच्या गल्लीत शिरलो, दर्ब अल-अत्राक. पुस्तकांची गल्ली. सोनेरी अक्षरांच्या कण्यांचे संच फुटपाथपासून छतापर्यंत. एका दुकानात मी चष्मा कपाळावर चढवून कणे वाचत होते. मालक साठीचा, इंग्रजी कामापुरतं. कुठून आलात? इंडिया. इंडियात कुठे? आता बच्चन येणार म्हणून मी तयार झाले. "बॉम्बे," म्हटलं.

"भिवंडी?" तो म्हणाला.

ताईच्या हातातली पिशवी खाली टेकली. मी म्हटलं, काय? तो स्टुलावर चढला, वरून एक खंड काढला, धूळ बाहीने पुसली आणि पहिल्या पानाच्या तळाशी बोट ठेवलं. तोच अल-मिज्जी, सोबत इब्न हजरची टिपणं, आणि खाली अद-दार अल-कय्यिमा, भिवंडी, बंबई. उच्चार त्याचा "बहीवंदी"च्या जवळपास होता. त्याला वाटत होतं ते मोठं विद्येचं शहर असावं; वडिलांच्या काळापासून हे नाव तो पुस्तकावर बघत आला होता. ताई म्हणाली, "सांग त्याला, माझं सासर तिथून बारा किलोमीटर." मी सांगितलं. त्याने ताईला खुर्ची दिली. पुतण्याला चहाला पिटाळलं.

मग तो काढत गेला आणि मी अक्षरं लावत गेले. कथनकारांचा बारा खंडांचा मोठा कोश: हैदराबाद अद-दक्कन. आठव्या हिजरी शतकाच्या माणसांचा कोश: हैदराबाद अद-दक्कन. निजामाच्या राज्यातल्या दाइरतुल मआरिफ या संस्थेने छापलेले हे ग्रंथ, आणि तेव्हा आपला मराठवाडा त्याच राज्यात होता. फत्ह अल-बारी कैरोच्याच बूलाक छापखान्यात १८८३च्या सुमारास छापला गेला, पण त्यामागे पैसा भोपाळच्या सिद्दीक हसन खानांचा. म्हणजे या कैरोच्या माणसाला छापील पानावर आणण्यात हैदराबाद, भोपाळ आणि भिवंडी! मी सखावीचा कोशही मागितला, कारण मला त्यातला एक माणूस डोळ्यांनी बघायचा होता. दहावा खंड, मीमची, म्हणजे "म"ची नावं. मालकाने नाव ऐकून पान काढून दिलं: महमूद गावान. बीदरचा बहमनी वजीर, खेळणा, म्हणजे विशाळगड, आणि १४७२ मध्ये गोवा घेणारा, पुढे खोट्या पत्रावरून १४८१ला मारला गेलेला. आपल्या शाळेच्या पुस्तकातला माणूस कैरोतल्या एका शिष्याने आपल्या काळच्या नावाजलेल्या माणसांत टिपून ठेवलाय.

विकत काय घेतलं? सगळ्यात पातळ पुस्तक. विमानाला तेवीस किलोची मर्यादा आणि त्यात ताईचे दोन पितळी दिवे.

दुपारी उरलं होतं ते कराफा, कैरोचं अफाट कबरस्तान. टॅक्सी इमाम शाफिई या थोर धर्मशास्त्र्याच्या कबरीवरच्या घुमटाशी थांबली. घुमटाच्या टोकावर धातूची छोटी होडी आहे, अगदी खरीखुरी वल्हवावी अशी. इब्न हजरला याच भागात पुरलं. ग्रंथांत लिहिलंय की जनाज्याला सुलतान जकमक स्वतः आला होता आणि लोकांची दाटी मोजता येत नव्हती. गेल्या काही वर्षांत नव्या रस्त्यांसाठी इथल्या बऱ्याच जुन्या कबरी पाडल्या गेल्यात. दोन ठिकाणी आम्हाला पत्र्याचं कुंपण आडवं आलं, पलीकडे मुरूम टाकलेला.

एका पोराने डावीकडे दाखवलं, चहावाल्याने उजवीकडे. वॉचमनसारख्या दिसणाऱ्या एकाने सरळ नेलं आणि एका बंद फाटकासमोर उभं करून हात पुढे केला. फाटकाला कुलूप. हीच का, विचारलं तर तो आत्मविश्वासाने "आयवा", म्हणजे हो, म्हणाला, आणि मग मी शाफिईचं नाव घेतलं तेव्हाही "आयवा", म्हणून मी उगाच ऐनी विचारून पाहिला. "आयवा." बारा पायऱ्यांपैकी याला कुठल्या पायरीवर बसवावं, हे ताईला सांगितलं तर ती हसली नाही. बूट धुळीने पांढरे झाले होते, ऊन उतरत होतं. ती फाटकाच्या गजांतून आत बघत होती. आत एक झाड, उलटी ठेवलेली बादली आणि दोन-तीन बिननावाचे चौथरे.

"त्या बहिणीला कुठे ठेवलंय?" तिने विचारलं.

"पुस्तकात," मी म्हटलं. "सातशे अठ्ठ्याण्णव हिजरी."

"काय नाव म्हणालीस?"

"सित्त अर-रक्ब."

तिने ते दोनदा म्हणून पाहिलं, दुसऱ्यांदा बरोबर आलं. मग वॉचमनला दहा पाउंड दिले, माझ्या मते दहा जास्तच, आणि टॅक्सीवाल्याला फोन लावून इंग्रजी-मराठीत बजावलं, की टुमॉरो मॉर्निंग सात वाजता, पिरॅमिड, आणि मधे कुठेही थांबायचं नाही.